चेंडू घरंगळत आत गेला : मराठी-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गतिवर्णनाच्या प्रकल्प नोंदी

मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत रोज वावरणारा माणूस कोण कुठून कुठे आणि कशा रीतीने गेले हे सांगताना एका भाषेची सवय दुसरीत आणतो का, आणि आणत असेल तर ती वाक्याच्या नेमक्या कोणत्या भागात दिसते, हे पाहण्यासाठी आम्ही दोघींनी पुण्यात नोकरी सांभाळून केलेल्या कामाच्या या नोंदी आहेत. असेच काम मराठीबरोबर कन्नड, गुजराती किंवा कोकणी घेऊनही करता येईल. ते हाती घेणाऱ्यांचा आमच्याइतका वेळ जाऊ नये, म्हणून जे बिघडले ते अधिक तपशिलाने लिहिले आहे.

5 जानेवारी 2025

या विषयातले सर्वांत परिचित साधन म्हणजे मर्सर मेयर यांचे 1969 मधले, एकही शब्द नसलेले, हरवलेल्या बेडकाच्या शोधाचे चित्रपुस्तक. भाषा-अभ्यासक रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या लहानमोठ्यांनी याच चित्रांवरून गोष्ट सांगितली होती. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि ओळखीच्या काही जणांकडून ती गोष्ट मराठीत सांगून घेतली.

साधन उत्तम आहे, पण आमच्या प्रश्नाला ते पुरले नाही. हरणाच्या शिंगांवरून मुलगा कड्याखाली पडतो त्या प्रसंगी बहुतेकांनी ‘मुलगा पाण्यात पडला’ एवढेच म्हटले, आणि ढोलीतून बाहेर येणाऱ्या घुबडाला ‘तिथून घुबड आलं’ इतक्यावर निरोप दिला. स्थिर चित्रात घुबड झेपावले, डोकावले की हळूच बाहेर आले हे दिसत नाही. ते सांगणाऱ्याने ठरवायचे असते. त्यामुळे जाण्याची रीत कोणी सांगितली नाही, तर ती भाषेच्या सवयीमुळे गळली की चित्रात नव्हती म्हणून, याचा निवाडा करता येईना. शिवाय गोष्टीत मन रमले की सांगणारा बेडकाकडे लक्ष देतो आणि वाटेचे, म्हणजे कोण कुठून कुठे गेले याचे, वर्णन मागे पडते. म्हणून काही सेकंदांच्या, एकाच हालचालीच्या चित्रफिती स्वतः तयार करायच्या असे ठरले.

19 जानेवारी

चित्रीकरण वेताळ टेकडीवर, एका मैत्रिणीच्या घराच्या जिन्यात आणि रिकाम्या वर्गखोलीत केले. माणूस धावत, लंगडत, रांगत, उड्या मारत खोलीत शिरतो किंवा बाहेर पडतो. चेंडू घरंगळत उतारावरून खाली येतो. मुलगी ओढा ओलांडते. प्रत्येक रीतीच्या दोन फिती हव्यात हे सुरुवातीलाच ठरवले होते: एकीत उंबरठा ओलांडला जातो, दुसरीत माणूस खोलीच्या आतल्या आतच धावतो. हा भेद का हवा ते पुढे 1 जूनच्या नोंदीत आले आहे.

संध्याकाळी फिती पाहताना एक अडचण लक्षात आली, आणि अर्ध्याहून अधिक फिती बाद कराव्या लागल्या. काही ठिकाणी कॅमेरा खोलीच्या आत होता, काही ठिकाणी बाहेर. आतून पाहणारा ‘तो धावत आत आला’ म्हणतो, बाहेरून पाहणारा ‘आत गेला’ म्हणतो. मराठीत हालचालीचे वाक्य बहुधा येणे किंवा जाणे यांपैकी एकावर येऊन टेकते आणि त्यासाठी बोलणाऱ्याला स्वतःची जागा ठरवावी लागते. इंग्रजीत ‘रॅन इन’ म्हणताना ती ठरवण्याची सक्ती नाही. म्हणजे द्विभाषिकाच्या मराठीतून हे ‘आला-गेला’ कमी होते का, हाच एक पाहण्याजोगा मुद्दा होता, आणि कॅमेऱ्याच्या जागेने तोच गढूळ केला असता. पुढच्या रविवारी सर्व फिती बाजूने, दाराच्या दोन्ही अंगांना सारखी जागा दिसेल अशा पुन्हा घेतल्या. जे कोणी फिती तयार करतील त्यांनी कॅमेऱ्याच्या तिकाटण्याची जागा जमिनीवर खडूने आखून ठेवावी.

2 फेब्रुवारी

पहिली ध्वनिमुद्रणे झाली. सहभागी सर्व इंग्रजी माध्यमात शिकलेले, घरी मराठी बोलणारे, वय वीस ते पस्तीस. कॉलरला लावायचा साधा माइक साधारण हजार रुपयांना मिळाला आणि आवाज पुरेसा स्वच्छ आला.

सामग्री मात्र हवी तशी आली नाही. एकाच बैठकीत आधी मराठी आणि लगेच इंग्रजी घेतल्याने दोन्ही भाषा एकमेकींत मिसळून गेल्या. समोर बसलेल्या आम्ही दोघीही दोन्ही भाषा जाणतो हे सांगणाऱ्यांना माहीत होते. ऐकणाऱ्यालाही दोन्ही भाषा येतात हे कळले की द्विभाषिक माणूस दोन्ही जाग्या ठेवून बोलतो, असे द्विभाषिकतेचे अभ्यासक फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी मांडले आहे, आणि आमच्या पहिल्या तासाभराच्या मुद्रणात नेमके तेच ऐकू येते. दुसरा दोष असा की आम्ही फीत त्यांच्यासोबतच पाहत होतो. समोरच्याने स्वतः पाहिलेली गोष्ट त्याला कोणी सविस्तर सांगत नाही. ‘हा आत गेला’ एवढे त्याला पुरेसे वाटते.

16 फेब्रुवारी

बदललेली पद्धत अशी. मराठीची बैठक माझी सहकारी घेते आणि इंग्रजीचा एक शब्दही वापरत नाही; इंग्रजीची बैठक, आठवडाभराचे अंतर ठेवून, मराठी न येणारे एक परिचित घेतात. निम्म्यांची मराठी आधी, निम्म्यांची इंग्रजी आधी. ऐकणाऱ्याची पाठ पडद्याकडे असते आणि वर्णन ऐकून त्याने समोरच्या छापील छायाचित्रांतून योग्य फीत ओळखायची असते. ऐकणाऱ्याला खरोखर माहिती हवी आहे हे कळताच वर्णने भरली. हा एकच बदल करायला वेळ असेल तर हा करावा.

‘क्रॉस केला’, ‘एंटर झाला’, ‘फॉलो करत गेला’ हे शब्द नव्या बैठकांतही आलेच. सुरुवातीला आम्ही यांनाच इंग्रजीचा प्रभाव म्हणून मोजत होतो. नीट पाहिल्यावर तसे मोजणे सोडले. ‘त्याने रस्ता ओलांडला’ आणि ‘त्याने रस्ता क्रॉस केला’ या दोन वाक्यांची घडण एकच आहे: वाट क्रियापदात आहे, आणि कसा गेला हे सांगायचे तर ‘धावत’ वेगळे जोडावे लागते. शब्द इंग्रजीतून आला, पण साचा मराठीच राहिला. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी भाषांची विभागणी केली ती अशा साच्यावरून: वाट क्रियापदात घालणाऱ्या भाषा एकीकडे, आणि क्रियापदात रीत घालून वाट ‘इन’, ‘आउट’, ‘डाउन’ अशा शब्दांवर सोपवणाऱ्या इंग्रजीसारख्या भाषा दुसरीकडे. म्हणून वाक्ये नोंदवण्याच्या आमच्या तक्त्यात आता दोन वेगळे रकाने आहेत, उसना शब्द आणि उसनी घडण. पहिल्या रकान्यात खूप नोंदी पडतात आणि त्यांतून फार थोडे कळते.

9 मार्च

तुलनेसाठी इंग्रजीचा संपर्क अगदी कमी असलेले लोक हवे होते, म्हणून भोर तालुक्यातल्या एका गावी गेलो. शाळा लहानपणीच सुटलेल्या वयस्क बायका आणि पुरुष. त्यांनी दिलेली वर्णने ऐकताना आम्ही कित्येकदा लिहायचे थांबलो, इतकी ती भरलेली होती. माणूस नुसता धावला नाही, ‘तरातरा निघाला’. मुलगी नुसती चालली नाही, ‘भेलकांडत वढ्याच्या पल्याड गेली’. एका आजींनी प्रत्येक फितीनंतर विचारले, “अगं पण त्यो पळतोय कशापायी?” आणि कारण मिळाल्याशिवाय पुढे सांगायला त्या तयार नव्हत्या. आम्ही प्रत्येक फितीला अर्ध्या ओळीचे कारण जोडले (‘गाडी सुटतेय म्हणून’, ‘मांजर मागे लागलंय म्हणून’) आणि पुढे सर्व गटांना तेच दिले. मानधनाची पाकिटे कोणीच घेतली नाहीत. त्या रकमेतून तिथल्या शाळेसाठी कागद आणि रंग घेतले.

परतताना बसमध्ये जो प्रश्न उभा राहिला तो पुढचे दोन महिने पुरला. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमातल्या तरुणांची मराठी आणि भोरच्या आजींची मराठी यांत मोठा फरक दिसला, पण तो इंग्रजीमुळेच आहे असे कशावरून? वय वेगळे, बोली वेगळी, शिक्षण वेगळे, आणि गोष्ट सांगण्याचा सरावही वेगळा. हा फरक इंग्रजीच्या खात्यावर लिहिणे अन्यायाचे झाले असते. म्हणून तिसरा गट जोडला: पुण्यातलेच, तरुणांच्याच वयाचे, मराठी माध्यमात शिकलेले आणि कामात इंग्रजी फारशी न लागणारे. शिंपीकाम करणारे, रिक्षा चालवणारे, पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या ताई. आता मुख्य तुलना पुण्यातल्या या दोन गटांची आहे. गावची मुद्रणे आम्ही मराठीची क्षमता पाहण्यासाठी ठेवली आहेत. या तिसऱ्या गटाला हिंदी सर्रास येते, पण वाट क्रियापदात ठेवण्याच्या बाबतीत हिंदीची घडण मराठीसारखीच असल्याने ती अडचण आम्ही स्वीकारली.

23 मार्च

आवाजाचे दोन प्रश्न: कुकरच्या शिट्ट्या आणि रस्त्यावरचे भोंगे. दुपारी तीन ते पाच ही वेळ सर्वांत शांत. हात दिसावेत म्हणून हात नसलेली खुर्ची द्यावी आणि मुद्रण चालू असताना चहा देऊ नये. हातात कप असला की हावभाव जातात. घरंगळणाऱ्या चेंडूसाठी अनेकांचे हात गोल फिरतात आणि तोंडून मात्र फक्त ‘खाली आला’ येते, म्हणून हात दिसणे महत्त्वाचे.

20 एप्रिल

लिप्यंतरासाठी, म्हणजे मुद्रणातले बोलणे लिहून काढण्यासाठी, एक स्वयंचलित साधन वापरून पाहिले आणि तीन आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागले. साध्या वाक्यांना ते बरे चालते, पण ‘तुरुतुरु’, ‘भेलकांडत’, ‘टुणटुण’, ‘सुळकन’ अशा शब्दांपाशी ते एक तर शब्द गाळते किंवा त्याच्या जागी जवळचा एखादा नेहमीचा शब्द बसवते. जे मोजायचे होते तेच ते पुसून टाकत होते, आणि पुसलेले दिसत नसल्यामुळे वाक्ये वरवर निर्दोष वाटत होती. गावच्या बोलीचे तर त्याने प्रमाण मराठीत रूपांतरच केले. आता सर्व लिप्यंतर कानाने ऐकून, नेदरलंड्समधल्या नायमेखेन येथील मॅक्स प्लांक संस्थेने तयार केलेल्या ‘ईलान’ या मोफत आज्ञावलीत करतो. तिच्यात आवाज, शब्द आणि हातांच्या हालचाली एकाखाली एक अशा पट्ट्यांत मांडता येतात. एका मिनिटाच्या बोलण्याला पाऊण तास जातो आणि त्याला जवळचा रस्ता आम्हांला सापडलेला नाही.

11 मे

या कामाचा गाभा म्हणजे तक्ता, आणि सर्वांत जास्त वेळही त्यानेच घेतला. सुरुवातीचा तक्ता आम्ही इंग्रजीवरच्या अभ्यासांच्या धर्तीवर केला होता: प्रत्येक वाक्याचे मुख्य क्रियापद घ्यायचे आणि ते रीत सांगते की वाट, एवढे नोंदवायचे. त्या तक्त्यात मराठी दरिद्री दिसू लागली. ‘गेला’, ‘आला’, ‘शिरला’, ‘उतरला’ हीच क्रियापदे पुन्हा पुन्हा, रीतीचा रकाना जवळपास रिकामा. भोरच्या आजींची वर्णने कानांत असताना हे आकडे खरे मानणे शक्य नव्हते.

मराठीत रीत मुख्य क्रियापदाबाहेर राहते, आणि तिथे तिच्या किमान तीन जागा आहेत. पहिली ‘-त’ची रूपे: धावत, लंगडत, सरपटत, घरंगळत. दुसरी अनुकरणवाचक (आवाजाची किंवा हालचालीची नक्कल करणारे) आणि अभ्यस्त (तोच भाग दोनदा येणारे) शब्द: झपझप, तुरुतुरु, दुडुदुडु, गडगड, भुर्रकन. तिसरी साधी क्रियाविशेषणे आणि वाक्प्रचार: पाय ओढत, एका दमात, दबक्या पावलांनी. या तिन्ही जागा मोजल्यावर मराठी माध्यमातल्या पुणेकरांची वर्णने रीतीच्या बाबतीत इंग्रजी वर्णनांपेक्षा मुळीच रोडावलेली नाहीत. मराठीसाठी तक्ता करणाऱ्यांनी केवळ क्रियापदे मोजू नयेत, हे मी या नोंदींतल्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक आग्रहाने सांगेन, कारण असे मोजलेले आकडे एकदा पसरले की मराठीला वर्णनशक्ती कमी आहे असा चुकीचा समज घट्ट होतो.

दुसरी गाठ ‘-त’ आणि ‘-ऊन’ यांची. ‘पळत गेला’ म्हणजे जाण्याची रीत पळण्याची. ‘पळून गेला’ म्हणजे निसटला, पसार झाला, मग तो पळत जाओ की रिक्षाने. ‘चालत आला’ आणि ‘चालून आला’ यांचेही तेच: दुसऱ्यात हल्ला आहे. पण ‘उडून गेला’ किंवा ‘वाहून गेला’ यांत रीत शिल्लक आहे. म्हणून ‘-ऊन’ची रूपे एका नियमाने रीतीत टाकता येत नाहीत, प्रत्येक जोडीचा निर्णय वेगळा करून तो यादीत लिहून ठेवावा लागतो. ‘ओढा ओलांडून’, ‘जिना उतरून’ ही रूपे तर वाटेच्या रकान्यात जातात.

आम्ही दोघींनी एकमेकींचे न पाहता तीच वर्णने तक्त्यात भरली आणि मग पडताळली. सर्वाधिक मतभेद ‘घुसला’, ‘चढला’, ‘झेपावला’ आणि ‘सटकला’ यांवर झाले, कारण यांत वाटही आहे आणि रीतही. ‘दोन्ही’ असा रकाना केल्यावर वाद मिटले. ‘धावत सुटला’ यातला ‘सुटला’ वाटेचा नसून सुरुवातीचा आहे, त्यालाही वेगळी जागा दिली.

या नव्या तक्त्यातून दोन्ही पुणेरी गटांतला जो फरक पुढे आला तो आम्ही शोधत होतो त्या ठिकाणी नव्हता. इंग्रजी माध्यमातले तरुण रीत सांगतात, ‘धावत’ आणि ‘लंगडत’ त्यांच्याकडे भरपूर आहे. कमी झाले आहेत ते अनुकरणवाचक शब्द, आणि वाक्याच्या शेवटचे ‘आला-गेला’. ‘तो धावत आत गेला’ याच्या जागी ‘तो आत पळाला’ अशी वाक्ये त्यांच्याकडे अधिक आढळतात. वाट ‘आत’वर आणि रीत क्रियापदावर, ही इंग्रजीची विभागणी आहे, आणि तिच्यात इंग्रजीचा एकही शब्द नाही. अशी वाक्ये मराठी माध्यमाच्या गटातही सापडतात, म्हणून आम्ही त्यांना अशुद्ध म्हणत नाही. मराठीत मुळात असलेला एक दुय्यम पर्याय इथे अधिक वापरात आला आहे असे आमचे वाचन आहे. अमांडा ब्राउन आणि मारियाने गुलबर्ग यांनी 2008 मध्ये इंग्रजी मध्यमच येणाऱ्या जपानी लोकांच्या जपानीतही, रीत सांगण्याच्या बाबतीत, इंग्रजीकडे झुकणारा बदल दाखवला होता, म्हणजे दुसरी भाषा पहिलीला वळण लावण्यासाठी ती अस्खलितच यायला हवी असे नाही.

1 जून

बोलण्यात दिसलेला बदल समजण्यातही आहे का, हे तपासायचे होते. ‘तो खोलीत पळाला’ या वाक्यातले ‘खोलीत’ दुहेरी आहे: खोलीच्या आतल्या आत पळाला, किंवा बाहेरून पळत आत गेला. जानेवारीत दोन प्रकारच्या फिती घेतल्या त्या यासाठी. प्रथम आम्ही वाक्य ऐकवून ‘हे चालेल का?’ असे विचारले. तो प्रयोग फसला. प्रश्न ऐकताच लोक शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला जाऊन बसतात. काहींनी उत्तराऐवजी आम्हांला शुद्धलेखनाबद्दल विचारले. मग प्रश्न काढून टाकला. वाक्य ऐकवायचे, दोन फिती शेजारी दाखवायच्या आणि फक्त बोट ठेवायला सांगायचे. मराठी माध्यमाच्या गटातल्या बहुतेकांनी आतल्या आत पळणाऱ्यावर बोट ठेवले. इंग्रजी माध्यमाच्या गटात उत्तरे दुभंगली. माणसे थोडी आहेत, त्यामुळे आकडे मांडत नाही.

22 जून

इंग्रजी मुद्रणांकडे वळलो. ‘ही वेंट इनसाइड रनिंग’, ‘ही क्रॉस्ड द स्ट्रीम बाय जंपिंग’ अशी वाक्ये तिथे आहेत, आणि त्यांत मराठीची घडण स्पष्ट दिसते. पण ही घडण बोलणाऱ्याने त्या क्षणी मराठीतून आणली, की त्याच्या शिक्षकांच्या आणि सोबत्यांच्या भारतीय इंग्रजीतूनच तो ती शिकला, हे आमच्या सामग्रीवरून वेगळे करता येत नाही. त्यासाठी याच शहरात वाढलेले पण घरी मराठी नसलेले इंग्रजी बोलणारे हवेत, आणि त्यांची घरची भाषाही मराठीसारख्या घडणीची नको. असा गट पुण्यात उभा करणे आमच्या आवाक्याबाहेर आहे. मराठीवरच्या प्रभावाचा भाग पूर्ण करून हा भाग खुला ठेवतो.

13 जुलै

न्यू जर्सीत वाढणाऱ्या, घरी मराठी ऐकणाऱ्या काही मुलांची मुद्रणे पालकांच्या लेखी संमतीने व्हिडिओ कॉलवर केली. आवाज मागेपुढे होतो आणि हात चौकटीबाहेर जातात, त्यामुळे हावभावांचा भाग सोडला. पालक शेजारी बसले तर शब्द सुचवतात. त्यांना दुसऱ्या खोलीत बसण्याची विनंती आधीच करावी. ‘बॉल खाली रोल झाला’, ‘तो आत पळाला’ अशी वाक्ये इथे भरपूर आहेत, आणि ‘पळत’च्या जागी ‘पळून’ही येते. बोट ठेवण्याच्या प्रयोगात ‘खोलीत पळाला’ ऐकून यांनी उंबरठा ओलांडणारी फीत न अडखळता निवडली. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या तरुणांत जे अर्धवट दिसते ते इथे पुरते झालेले दिसते, आणि मला या सबंध कामातला हा सर्वांत बोलका धागा वाटतो. मात्र अनुकरणवाचक शब्द या मुलांकडे पूर्ण गेलेले नाहीत: ‘दुडुदुडु’ आणि ‘टुणटुण’ टिकून आहेत. लहानपणी घरात ऐकलेले शब्द असल्यामुळे ते राहिले असावेत.

3 ऑगस्ट

पैशांचा मोठा भाग माइक, तिकाटणे, छापील छायाचित्रे, प्रवास आणि शहरातल्या सहभागींचे मानधन यांवर गेला. आज्ञावलीला काहीच लागले नाही. वेळेचा मोठा भाग लिप्यंतरावर गेला आणि त्यातला बराच एप्रिलमधल्या फेरकामावर.

सध्या दोन कामे हाती आहेत. ‘-ऊन’च्या जोड्यांची यादी पूर्ण करून ती तक्त्याला जोडायची आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाला तेच निर्णय पुन्हा घ्यावे लागणार नाहीत. आणि इंग्रजी मुद्रणे अजून जुन्या, फक्त क्रियापदांच्या तक्त्यात भरलेली आहेत. मराठीची रीत क्रियापदाबाहेर मोजायची आणि इंग्रजीची फक्त क्रियापदात, अशी तुलना टिकणारी नाही, म्हणून तीही नव्या तक्त्यात पहिल्यापासून भरायला घेतली आहेत.